हिरव्या ताडपत्रीची फळी

बाबा, तुमची फळी मी अजून शिवून राह्यली. ट्रकात डायवरच्या पाठीमांगं केबिनले ठोकायची, पान्या-पक्कडीच्या खिशाखिशाची, तीच. तुमी गेल्यावर हे काम बंद पडन असं सगळ्याईले वाटलं होतं. ते पडलं नाई हे तुमाले सांगाव म्हनून लिवाले बसली. पन खरं कारन ते नाई. मांगच्या उन्हाळ्यात पोलिसाच्या एका नाक्यावर मामाले अन् मले बसवून ठेवलं होतं. त्या दिवशी काय झालं ते आईले मी अर्धंच सांगतलं, मामाबी अर्धंच सांगते. पुरं सांगाले कोनी त पाहिजे ना. तुमाले सांगतलं त तुमी कोनाले जाऊन बोलनार नाई.

माहा सभाव तुमाले माहीत हाये. दुकानात साखर आनाले धाडलं का मी पैसे ठेवून नुसती उभी राहो, दुकानदारच इचारे, "काय पाहिजे व पोरी?" तरी मी बोटानं दाखवो. शाळेत बाईनं वाचाले उभं केलं का घशात कापसाचा बोळा बसल्यावानी होये. धडा सारा पाठ राहे, पन आवाज निघत नसे. तुमी वारले अन् रोवन्याच्या दिवसात आईसंगं धानाच्या बांधीत जाव लागलं, तवा सातवीतच शाळा सुटली. लोक हळहळले. मले मात्र आंदरून हलकं वाटलं होतं का आता कोनी उभं करनार नाई. मंग आई रोवना, निंदन, कटनी करे अन् मी घरी बसून ताडपत्र्या सांधो. ताडपत्री काही इचारत नाई.

तुमी फळी शिवत ते सैपाकघरात. दुसरी जागा होती कुठी? चुलीजवळ वाटीत मेन पातळ होऊन राहे, तुमी दोरा त्याच्यातून वढत अन् तो तारेवानी कडक होये. तुमी चालवत त्या शेठच्या ट्रकवरची ताडपत्री फाटली का तिचा धड तुकडा तुमी मांगून आनत. हिरवी, डिझेलचा अन् ओल्या बांबूचा वास येनारी. आई भाकर थापता थापता म्हने, "हे सैपाकाचं घर हाये का ग्यारेज?" तुमी म्हनत, "गाडी चालली त चूल चालन." आई म्हने, "मंग भाकर बी गाडीलेच मांगा." अन् तुमी दोघं हासत. मी मधात बसून टामी, हातोडी, पक्कड लायनीनं मांडो, जशा दुसऱ्या पोरी भातुकली मांडत. मले ते सामान अजून तसंच दिसते. चुलीच्या उजेडात पान्याची कड लाल होये.

तवा साऱ्या गाड्याईचं सामान सीटखाली एका बोऱ्यात राहे. खड्डा आला का बोरा खडखड वाजे, अन् घाईत पाना शोधाचा म्हटलं का सारा बोरा रस्त्यावर उलटा करा. तुमी म्हनत, एखांद्या उतारावर तोच पाना घरंगळत ब्रेकच्या खाली आला त गाडीबी गेली अन् आपुनबी गेलो. म्हनून तुमी फळी काढली. प्लायच्या फळीवर दुहेरी ताडपत्री, तिच्यावर खिसे, दरेक खिशाले झाकन, झाकनाले ट्यूबच्या रबराची पट्टी. मोठ्या पान्याले खोल खिसा. लहान पान्याईले एकाच्या बाजूले एक बारीक घरं. बल्बाच्या खिशाले आंदरून फडकं, फॅनबेल्टाले गोल खिसा, अन् जॅक खाली पट्ट्यानं आवळलेला. सगळ्यात उजव्या कडेले एक लांब अरुंद खिसा होता, एक बोट जाईन एवढाच. त्याच्यात तुमी काय ठेवत होते ते मले आठवत नाई.

एकदा मी तुमच्या फळीतली पक्कड खेळाले घेतली अन् ठेवतानी भलत्याच खिशात ठेवली. पक्कडच्या घरात मी करवतीचं पातं सारून देल्लं होतं. तुमी जंगलात गाडीखाली पडून होते, वर न पाहता हात घातला, अन् तळहात चिरला. घरी आले तवा फडकं लाल झालं होतं. मले वाटलं आता मार पडते. तुमी मले गाडीत नेलं, सीटवर बसवलं अन् म्हटलं, "डोये मिट. मले पेचकस दे." मी चाचपून देल्ला. "आता पक्कड दे." असे सारे खिसे झाले. मंग तुमी म्हटलं, "पाहून घ्याव लागलं त खिसा कायले? बोरा काय वाईट होता?" बस, एवढंच. तो हात बरा व्हाले लई दिवस लागले, पन तुमी त्याच्याबद्दल मले पुन्हा कदी टोकलं नाई.

अन् पाचवीत गेली तवा तुमी मले त्याच ताडपत्रीचं दप्तर शिवून देल्लं. साऱ्या पोट्ट्या हासल्या, "ट्रक आला, ट्रक आला" म्हनून. पावसात मात्र त्याईची पुस्तकं भिजली, माही कोरडी राह्यली. शाळा सुटल्यावर ते दप्तर खुटीले टांगून होतं. मामानं तुमची जुनी फळी गाडीतून काढून आनली, शेठनं गाडी विकाले काढली होती म्हनून, अन् म्हने, "पोरी, माह्या गाडीले अशीच पाहिजे." घरी दुसरं कापड नोतं. मी दप्तर उसवलं. पहिला खिसा त्याचा केला. तुमच्या शिवनीवर बोट फिरवून फिरवून शिकली, टाका कुठून जाते अन् कुठून परत येते. तो कडेचा अरुंद खिसाबी तसाच केला. तो कायसाठी होता हे कोनालेच पक्कं माहीत नाई. आई म्हने तुमी बिड्या ठेवत, मामा म्हने पेन. मी काही इचार न करता दरेक फळीले लावत गेली. तुमच्या फळीले होता, म्हनजे पाहिजे. एक डायवर त्याच्यात उदबत्त्या ठेवते, एक कंगवा. एकानं त बायकोसाठी घेतलेल्या टिकल्या त्याच्यात लपवल्या अन् लपवल्या हेच भुलून गेला.

आता ते सांगते, जे घरात कोनी काढत नाई. तुमी गेले त्याच्या आंधीच्या उन्हाळ्यात तुमाले पोलिसाच्या कॅम्पात बोलावलं होतं. जंगलातल्या बंदूकवाल्याईनं तुमची गाडी थांबवली होती, दोन कोस बसून गेले होते. नाई म्हनाची सोय होती काय? पन कोनीतरी पाह्यलं, कोनीतरी सांगतलं. तुमी सकाळी गेले ते दिवस बुडतानी आले. आईनं पानी देल्लं, तुमी पेले नाई. एवढंच बोलले, "नाव लिवून घेतलं." मंग पावसात तुमाले हिवताप भरला, तो डोक्यात चढला, अन् आमी दवाखान्यात पोचलो तवा तुमी आमाले वळखत नोते. तवापासून आईनं एक ठरवून टाकलं. कोनत्याबी नाक्यावर, कोनत्याबी साहेबासमोर तुमचं नाव घ्याचं नाई. मेलेल्या मानसाचं नाव वर काढलं का त्याच्या मांगं जित्ते मानसंबी वढल्या जाते, असं तिले वाटते.

मुलचेऱ्याच्या बाजूले एक बंगाली दादा राह्यते, त्याची एक गाडी हाये. मामाच्या गाडीतली फळी पाहून त्याले तशीच पाहिजे होती. मी महिनाभर शिवली. हिरवी ताडपत्री नवी भेटली होती म्हनून जीव लावून केली. मामा म्हने, "चाल माह्यासंगं, तूच ठोकून दे. मी ठोकली का वाकडी होते." आई दारात आली. "नाक्यावर तोंड उघडू नको. अन् बाबाचं नाव त अजिबात नाई." मामा म्हने, "अक्का, इचं तोंड उघडलं त मी गावात साखर वाटीन." आई हासली नाई. मी शिवलेलं गुंडाळून बोऱ्यात घातलं, बोरा पायाखाली ठेवला, प्लायची फळी मांगं बांधली. एवढ्या दूर मी आंधी कदी गेली नोती. मोहाचे फूल पडून गेले होते, सागाचे पानं गळून रान उघडं झालं होतं, अन् रस्त्याच्या दोन्ही बाजूले तेंदूपत्त्याचे पुडके वाळत होते. मले लई बरं वाटून राह्यलं होतं, हे बी सांगते.

नाका आला. रस्त्यावर बांबू आडवा, बाजूले रेतीचे पोते रचलेले, मोहाच्या झाडाखाली तंबू. एक शिपाई केबिनजवळ आला, आंदर डोकावला. त्याची नजर मामाच्या पाठीमांगं गेली, अन् तिथीच राह्यली.

"हे काय बे?"

"सामान हाये साहेब. पाने, पक्कड."

"अन् खाली काय?"

मामा काही बोलाच्या आंधी त्यानं बोरा वढला अन् मोकळा केला. ताडपत्री मातीवर उलगडली. बाबा, मी महिनाभर ते माह्या मांडीवर पाह्यलं होतं. मातीत पसरलेलं तवाच पह्यल्यांदा पाह्यलं. हिरवा जाड कपडा, त्याच्यावर लायनीनं लहान लहान लांबट खिसे, दरेकाले झाकन, वर पट्टे, अन् सारे रिकामे. मले तवाच समजलं का त्याईले काय दिसून राह्यलं. मले बी तेच दिसलं. गोळ्या भराचे पट्टे.

शिपाई दोन पावलं मांगं सरला अन् त्यानं बंदूक पुढं घेतली. "उतर. दोघंबी उतरा."

मामाले तंबूत नेलं. मले झाडाखाली एका टायरवर बसवलं. एक बुढा हवालदार माह्याजवळ उभा राह्यला, आपल्याच भागातला असन, बोलनं आपलंच होतं. "काऊन व पोरी, जत्रेले चालली होती का?" मी मुंडी हालवली. "मंग?" मी टायरच्या कडेले नख घासत राह्यली. "मुकी हाये का?" मी पुन्हा मुंडी हालवली. तो म्हने, "चांगलं हाये. मुक्या मानसाले कमी मार पडते." तो हासवाले म्हने का भेव दाखवाले, मले समजलं नाई. तंबूतून मामाचा आवाज येऊन राह्यला होता, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, "पान्याची हाये साहेब, पान्याची." दर वेळी आवाज बारीक होत चालला होता. मंग एक आवाज असा आला का काही पडलं. मंग मामाचा आवाज बंद झाला. बाबा, मी आईले हे सांगतलं नाई. मामाच्या कानावर वळ होता, त्यानं घरी सांगतलं का झाडाची फांदी लागली.

मंग मोठे साहेब भायेर आले. पुन्याकडचे असन, पुस्तकातल्यावानी बोलत होते. वरडले नाई. ते वरडले असते त बरं झालं असतं.

"हे तू शिवलंस?"

मी मुंडी हालवली, हो म्हनून.

"कशासाठी?"

मी उठली अन् मामाच्या गाडीकडं गेली. शिपाई संगं आला. फळीतून एक एक सामान काढलं, ओच्यात घेतलं, आनून मातीवर मांडलं, अन् नव्या ताडपत्रीच्या खिशात भरत गेली. मोठा पाना खोल खिशात. लहान पाने त्याईच्या घरात. पेचकस, पक्कड, हातोडी. सारं बसलं, कारन माप तेच होतं. मले वाटलं आता समजन. साहेब खाली बसले, एक पाना काढला, पुन्हा घातला, झाकन लावलं, उघडलं. म्हने, "पाना बसतो. दिसलं मला. गोळ्याही बसतील. खिशाला काय कळतं आत काय आहे?"

ते खरंच होतं बाबा. खिसा चांगला शिवला का तो कोनाचंबी काम करते.

"हा इलाका कसला आहे माहीत आहे ना तुला? कोण असे पट्टे घालून हिंडतं? आम्ही मागच्या महिन्यात असाच एक शिंपी पकडला. तोही म्हणाला भाजीच्या थैल्या आहेत." ते बोट फिरवत फिरवत उजव्या कडेले आले. "आणि हा? यात काय बसतं?"

सारे खिसे भरले होते, तेवढाच रिकामा होता. मी मामाच्या फळीकडं पाह्यलं. तिच्यातबी तो रिकामाच. मामा बिडी पेत नाई, पेन ठेवत नाई. साहेबानं शिपायाले खूण केली. त्यानं ब्लेड काढलं अन् खिशाची खालची शिवन टराटर उसवली, आंदर बोट घालून पाह्यलं, काहीच नाई. मंग मामाच्या फळीचा तोच खिसाबी तसाच उसवला. त्याच्यातबी काहीच नाई. तंबूच्या तोंडाशी मामा उभा होता, दोन शिपायाईच्या मधात. त्याचं तोंड पांढरं झालं होतं.

"रिकामा खिसा कोणी उगाच शिवत नाही," साहेब म्हने. "बोल. नाहीतर तुझा मामा आज इथून हलत नाही. उद्या त्याला गडचिरोलीला धाडतो, पुढचं तिथले बघतील."

खरं सांगाव त काय सांगू? बाबाच्या फळीले होता म्हनून लावला? मंग बाबा कोन, कुठची गाडी चालवत होता, कोनाले बसवलं होतं, सारं निघालं असतं. तुमचं नाव कुठंतरी लिवलेलं हाये हे मले माहीत होतं. माहा हात आपोआप माह्या वेनीकडं गेला. कामावर असली का दाभन मी वेनीत खोसून ठेवते, दोऱ्यासकट, त्या दिवशीबी ठेवली होती, कारन फळी ठोकल्यावर कडा शिवाच्या होत्या. ती काढली. शिपाई म्हने, "ए, ए!" मी मातीवर बसली अन् उसवलेली शिवन शिवाले लागली. कोनी थांबवलं नाई. टाका, उलटा टाका, गाठ. मंग दाभन त्या खिशात सोडली. ती बरोबर बसली. भोकाकडचं टोक तेवढं वर राह्यलं, बोटानं धराले होईन एवढंच.

"दाभनीसाठी," मी म्हटलं. माहाच आवाज मले वळखू आला नाई. "रस्त्यात ताडपत्री फाटली त लागते."

तुमी दाभनीसाठीच केला होता काय तो खिसा? सांगा ना. मी त त्या घडीले तोंडाले आलं ते बोलली. पन दाभन अशी बसली, अशी बसली का मले वाटलं...जाऊ द्या. मामा अजूनबी म्हनते पेनच.

हवालदार खोकलला. साहेब माह्याकडं पाहत राह्यले. म्हने, "हे काम शिकलेल्या हाताचं आहे. एकट्या पोरीच्या डोक्यातून हे येत नाही. उस्ताद कोण तुझा? कुणी शिकवलं?"

मामा तंबूजवळून एकदम बोलला, "साहेब, तिले काही..." एका शिपायानं त्याले मांगं लोटलं. मामा माह्याकडं पाहून राह्यला होता, पापनी न हालवता. त्याच्या डोयात आईच दिसत होती.

"मीच," मी म्हटलं.

"कोणी दाखवल्याशिवाय?"

"मीच काढली. माह्या डोक्यानं. आंधी सामान बोऱ्यात राहे. खडखड वाजे. उतारावर पाना ब्रेकखाली जाते, म्हनून मी फळी काढली." बाबा, मी सलग बोलून राह्यली होती. शाळेत कदी एवढं बोलली नोती. "बल्बाच्या खिशाले आंदरून फडकं हाये, पाहा. रबराची पट्टी मी ट्यूब कापून केली. ताडपत्री हिरवीच भेटते, दुसरी भेटत नाई. गाडीवरबी तीच हाये, पाहा ना वर." साहेबानं वर पाह्यलं. मामाच्या गाडीवर गुंडाळलेली ताडपत्री त्याच रंगाची होती. त्याईचं समाधान झालं असं नाई, पन ते थांबले.

"नाव लिहून घ्या हिचं," हवालदाराले म्हने. "पूर्ण."

मी माहं नाव सांगतलं, आडनाव सांगतलं. हवालदार कागदावर वाकला होता. "मधलं?" मी आडनावच पुन्हा सांगतलं. "बापाचं नाव सांग ना व." मी म्हटलं, "वारले." तो म्हने, "वारले तरी नाव राह्यतेच का नाई?" मी खाली मातीकडं पाह्यलं. बुढ्यानं लई वेळ पेन तसंच धरून ठेवलं. मंग आपल्याशीच बोलल्यावानी म्हने, "बाप मयत," अन् तेवढंच लिवलं. त्यानं काय समजून तसं केलं, त्याले तुमी माहीत होते का, का नुसता उन्हाले कंटाळला होता, देव जाने.

तेवढ्यात बंगाली दादाची गाडी आली. त्याईच्या गावातला एक मानूस सायकलनं नाक्यावरून गेला होता, त्यानं मामाची गाडी थांबलेली पाहून जाऊन सांगतलं. दादा उतरले तेच हात जोडून. "साब, ये माल हमारा है. हम बोला था बनाने को." ते कॅम्पात मासोळी देत होते, सारे त्याईले वळखत. साहेब म्हने, "तुमचं सामान कुठाय?" दादानं सीटखालून बोरा वढला अन् उलटा केला. पाने, तारा, एक चप्पल, अर्धी खोबऱ्याची वाटी, सारं मातीत सांडलं. "हमारा पाना तो साब सीट के नीचे सोता है, बुलाओ तो उठता नहीं." हवालदार फसकन हासला. शिपाईबी हासले. साहेब हासले नाई, पन त्याईनं मामाले सोडाले सांगतलं.

नवी फळी मात्र त्याईनं ठेवून घेतली. म्हने, "हे जमा राहील. आणि हिरव्या कापडाचं असं पुन्हा शिवायचं नाही. दिसलं तर मी विचारत बसणार नाही." त्याईनं मामाच्या गाडीतलीबी काढाले लावली. शिपायानं खिळे उपटले. दाभन त्या नव्या फळीतच राह्यली. मी मांगतली नाई.

परतीच्या रस्त्यात सामान पुन्हा बोऱ्यात, खड्ड्याखड्ड्याले खडखड वाजत होतं. मंग मामा एकदम म्हने, "मीच! म्हने, मीच काढली!" अन् हासाले लागला, एवढा हासला का गाडी बाजूले घ्याव लागली. हासता हासता त्यानं तोंड हातात घेतलं अन् त्याचे खांदे हालत राह्यले. मी खिडकीतून भायेर पाहत बसली. थोड्या वेळानं त्यानं गाडी सुरू केली. म्हने, "भावजीनं आयकलं असतं त..."

आता मी एस.टी.च्या जुन्या सीटाईच्या लाल रेक्झिनची फळी शिवते. रेक्झिन उन्हात तडकते, दाभन त्याच्यातून नीट जात नाई, दोन वर्षं टिकन का नाई काय माहीत. पन डायवर येते, मांगते. मामाले अन् बंगाली दादालेबी तशीच करून देल्ली, दादाची मामानं नेऊन ठोकली, वाकडी. त्या नाक्यावर शिपाई मामाची गाडी आता दर वेळी थांबवते, खिसे मोजते, सोडते. मी पुन्हा तिकडं गेली नाई. माहं नाव तिथी एका कागदावर हाये, मधात तुमी नसलेलं. रातच्या कुत्र्याच्या भुंकन्यानं मी अजून दचकते, वाटते आले. आई इचारे, "काय झालं होतं नक्की?" मी सांगतलं का तुमचं नाव निघू नये म्हनून मी सारं माह्यावर घेतलं. आईनं माह्या तोंडावरून हात फिरवला. म्हने, "गुनाची माही बाई."

हे पान मी कुठी धाडनार नाई, धाडाले जागाच नाई. आईले दाखवनार नाई. चुलीत टाकीन, नाईतर टाकनारबी नाई, पाहू.

आईले सांगतलं ते खोटं नाई बाबा. तुमचं नाव मले वाचवाचंच होतं. पन त्या मातीवर बसून "मीच" म्हनतानी मले भेव वाटत नोतं, बरं वाटून राह्यलं होतं. अजूनबी घरात कोनी नसलं का शिवता शिवता मी तो शब्द हळूच म्हनून पाहते.